टेंटर स्ट्रीट, सम आणि विषम

एल्डरक्लफचा मतदारसंघ
ज्यानं अठराशे पंच्याऐंशीत नकाशावर काढला
त्याच्या हाताशी पट्टी नसावी, नदीच असावी.
नदी वळली तिथं रेघ वळली.
फक्त ग्रीनहॉल्शच्या गिरणीपाशी तिनं पोट जरा पुढं काढलं
आणि मालकाचा बंगला आत घेतला.
पहिला खासदार कोण झाला, हे काय सांगायचं?

आता तो वाचनालयाच्या तळघरात असतो,
पुठ्ठ्याच्या तीन खोक्यांत.
गुरुवारी दुपारी मी जातो, चष्मा पुसतो, सुतळी सोडतो.
अठरा सालची यादी: बायका पहिल्यांदाच, त्याही तिशीपुढच्या.
ॲग्नेस पिल्किंग्टन, विणकरीण.
समासात कारकुनाची शिसपेन्सिल:
'आली. दार उघडायच्या आधीपासून उभी होती.'
एकावन्नची फेरमोजणी, रात्रीचे तीन, फरक अकरा मतांचा.
बाद चिठ्ठ्यांत एकीवर लिहिलेलं, 'दोघंही नकोत, पाऊस थांबवा.'

मी बासष्टला आलो, इचलकरंजीहून.
खडखडाट तोच, कानातला कापूसही तोच,
धोट्याला तेवढं इथं दुसरं नाव.
मतदार यादीत होगाडेचा हॉगार्ड झालो.
हिल्डा एंट्विसलबाई पट्टी लावून नावावर सरळ रेघ ओढायच्या,
'गुड मॉर्निंग, मिस्टर हॉगार्ड.'
मी मान डोलवायचो. मत होगाड्याचंच पडायचं.

समोर सत्तावीस नंबरात वॉल्टर ऑग्डेन,
माझ्याच खात्यातला मुकादम.
त्याच्या खिडकीत निळा कागद, माझ्या खिडकीत तांबडा.
निवडणुकीच्या दिवशी मात्र आम्ही बरोबर निघायचो,
चॅपलच्या शाळेपर्यंत, सातशे पावलं.
दोरीला बांधलेली पेन्सिल तो ठेवायचा,
मी उचलायचो, अजून कोमट असायची.
परतताना दर वेळी म्हणायचा,
'बाल, घरी बसलो असतो तरी हिशेब हाच.'
एक वजा एक.
चौसष्टपासून सहा निवडणुका, चौऱ्याहत्तरात तर दोन,
आम्ही एकमेकांना शून्य करत आलो,
पाऊस असला तर एका छत्रीत.

मग गिरण्या मिटल्या. पोरं दक्षिणेला गेली.
डोकी मोजली तर कमी भरली.
लंडनचा माणूस टाऊन हॉलमध्ये आला, फार सभ्य,
दोन कप चहा प्यायला.
हिल्डाबाई उभ्या राहून बोलल्या,
ॲग्नेसचं नावही घेतलं त्यांनी.
त्यानं ते लिहून घेतलं.
मतदारसंघाचं सुतक नसतं. एक पत्र येतं.
नवी रेघ मात्र पट्टीनं मारली होती,
टेंटर स्ट्रीटच्या बरोबर मधून:
विषम घरं पश्चिमेला, सम घरं पूर्वेला.

त्र्याऐंशीचा जून. मी दार उघडलं.
समोर त्यानंही उघडलं.
सवयीनं दोघंही फाटकाशी थांबलो,
मग तो चढाकडे गेला, मी उताराकडे.
माझ्या नव्या केंद्रावर पेन्सिल नवी, टोकदार, गार.
टेबलाशी एक कोवळी पोरगी.
'होगाडे. बरोबर म्हटलं ना मी?'
एकवीस वर्षांनी बरोबर, आणि मला उत्तर सुचेना.
मत पेटीत पडलं.
त्याला खाणारं समोर कुणी नव्हतं.

संध्याकाळी वॉल्टर फाटकाला टेकून उभा.
'किती झालं रे तुझं?'
'एक,' मी म्हणालो. 'पुरं एक.'
'माझंही,' तो म्हणाला,
जसं काही डॉक्टरनं सांगितलं असावं.
मग छत्री घेऊन तो रस्त्यात आला, आभाळ कोरडं असताना.
मीही उतरलो.
रेघ जिथून गेली म्हणतात तिथं
आम्ही बराच वेळ उभे होतो.
आइस्क्रीमची गाडी आली तेव्हा
दोघंही एकाच बाजूला सरलो.
कुठल्या, ते आठवत नाही.